धाकटीचा कलप, थोरलीचा कान

"तुमच्या आईंना सांगा, काडी अजून टोचतेय," असं म्हणत पेन्शनरांनी चष्मा काउंटरवर ठेवला आणि कानामागची लाल झालेली जागा दोन बोटांनी चोळली.

"आई नाही ती. बहीण आहे माझी," धाकटी म्हणाली.

"हो का? मोठी बहीण?"

"मोठीच. नर्सला हात धुऊन दुसरे हातमोजे चढवायला जितका वेळ लागला, तितकी मोठी."

पेन्शनर हसले. विनोद कळला म्हणून नाही, बाई काहीतरी गमतीचं बोलल्या असाव्यात म्हणून. हा खुलासा त्यांना याआधीही कितीदा झाला होता, आणि दर वेळी तो त्यांच्या एका कानातून शिरून दुसऱ्या, दुखऱ्या कानातून बाहेर पडला होता. धाकटीनं चष्म्याची काडी गरम वाळूत धरली, अलगद वाकवली, फडक्यानं पुसली. तोंडानं कुरकुर चालू होती, पण दुकानातल्या सगळ्या आरशांत तिचा चेहरा फुललेला दिसत होता. मागे पडद्याआड थोरलीचं काच घासायचं मशीन क्षणभर थांबलं आणि पुन्हा घरघरायला लागलं.

चष्म्याचं दुकान म्हणजे आरसेच आरसे. भिंतीवर आरसे, काउंटरवर आरसे, फ्रेमांच्या कपाटाच्या दारांना आतून आरसे. गिऱ्हाइकाला आपलं नाक कुठूनही दिसलं पाहिजे, असं दुकान टाकणाऱ्या वडिलांचं म्हणणं. जुळ्या मुली असलेल्या माणसानं असं दुकान टाकू नये, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. लहानपणी दोघी शाळेतून दुकानात आल्या की आत दोन नाही, दोन डझन पोरी शिरल्यासारखं वाटायचं, आणि वडील हात जोडून म्हणायचे, "ज्या खऱ्या असतील त्यांनी मागे जाऊन बसा."

त्या दोन डझनांतली नेमकी आपण कोण, हा प्रश्न थोरलीला कधी पडला नाही. धाकटीला मात्र त्यानं आयुष्यभर छळलं. एकाच ताग्यातून बेतलेले दोन फ्रॉक, एकाच पट्टीनं मोजून घातलेल्या दोन वेण्या, एकाच दिवशी पडलेले पुढचे दात. वर्गात बाई बोट रोखून म्हणायच्या, "ए, दोघींपैकी जी कोण असशील ती, उभी राहा." थोरली हसत उभी राहायची. धाकटी जळून खाक व्हायची. जी कोण! माणसाला काय हाक मारायची रीत ही? थोरलीनं खिडकीची काच फोडली की अंगठे धरून उभी धाकटी. धाकटीनं निबंधाचं बक्षीस मिळवलं की टाळ्या थोरलीला. धाकटीच्या लग्नाच्या दिवशी तर कहर झाला. फोटोग्राफरनं नवऱ्या मुलाशेजारी थोरलीला उभं केलं आणि फोटो काढूनही टाकला. आता त्या नवऱ्या मुलाचं डोकं पार तुळतुळीत झालं, तरी तो एकच खुलासा देतो : "मला कळलं होतं गं, पण फोटोग्राफरला घाई होती." या खुलाशावर धाकटीनं त्याला आजतागायत माफ केलेलं नाही, आणि बरोबरच केलंय.

वडील गेल्यावर दोघी दुकानात उभ्या राहिल्या, तेव्हाही तेच. गिऱ्हाईक एकीशी फ्रेम ठरवायचं आणि दुसरीशी भांडायचं, "आत्ता तर तुम्हीच हो म्हणालात!" शेवटी थोरली आपण होऊन पडद्यामागे मशीनवर गेली. धाकटी पुढे राहिली.

मग पस्तिशी उलटली आणि दोघींच्या उजव्या कानशिलावर पांढरा केस आला. एकाच आठवड्यात, एकाच जागी. थोरलीनं आरशात बघितलं आणि म्हणाली, "येऊ दे." धाकटीनं आरशात बघितलं आणि त्याच संध्याकाळी कलपाचं खोकं आणलं.

झालं! वर्ष-दीड वर्षात थोरलीच्या डोक्यावर चांगली करडी बट पसरली आणि धाकटीचं डोकं काळंभोर राहिलं. धाकटी एकदा पाव आणायला निघाली होती, तेव्हा बेकरीवाल्यानं मागून हाक मारली, "अहो धाकट्या ताई, सुटे विसरलात!" ती जागच्या जागी थबकली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला पाठमोरी ओळखलं होतं, आणि मारलेली हाक तिलाच मारलेली होती. सुटे हातात घेताना तिला हसू आवरेना. बेकरीवाल्याला वाटलं, ताईंचं आज काही खरं नाही.

लोकांना काय वाटायचं? बाई वय लपवतेय. शेजारीण म्हणायची, "तुम्ही बाई स्वतःला छान ठेवता," आणि त्या 'छान'मध्ये जेवढी खोच ठेवता येईल तेवढी ठेवायची. नवरा म्हणायचा, "आता कुणाला दाखवायचंय?" तऱ्हाच सगळी. पुरुषानं मिशी काळी केली तर त्याला हौस म्हणायचं, आणि बाईनं केस काळे केले की हिशेब मागायला सगळी गल्ली गोळा. धाकटीनं कुणालाही खुलासा दिला नाही. तिला वयाचं काही सोयरसुतक नव्हतं. दोन डझनांतून एक बाहेर काढायची होती, ती काढली होती. ते कुणाला सांगायचं? आणि सांगून कळणार कुणाला?

पण ही सुटका फुकट नव्हती. दर वीस-बावीस दिवसांनी न्हाणीघरात जुने कागद पसरा, नवऱ्याचा फाटका शर्ट चढवा, ब्रश बुडवा, मान वाकडी करून मागचा भांग स्वतःचा स्वतः शोधा. बेसिनवर काळे ओघळ, टॉवेलवर डाग, कानाच्या पाळ्या शाईत बुडवल्यासारख्या. एवढं सगळं करून पंधरा दिवस बरे जातात न जातात, तोच भांगात पांढरी रेघ डोकं वर काढते. "आई, रस्त्याच्या मधली पट्टी आली बघ," लेक चहा पिता पिता म्हणायची. ओव्हरटेक करू नये, एवढंच लिहायचं बाकी.

आणि या वर्षी डोक्यानंच बंड केलं. आधी नुसती खाज. मग कपाळाच्या कडेनं बारीक पुरळ. एका रविवारी कलप लावला आणि सोमवारी सकाळी धाकटीचे डोळे उघडेचनात. पापण्या अशा सुजल्या, की दुसऱ्यांच्या डोळ्यांवर दुकान चालवणाऱ्या बाईला स्वतःच्या दुकानाची पाटी दिसेना. त्वचेच्या डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. त्यांनी नुसतं कपाळ बघितलं आणि म्हणाल्या, "कलपच दिसतोय. बंद करा. आणि दुसरं काही लावायचंच असेल, तर आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट बघा. थेट डोक्यावर प्रयोग करू नका."

सूज उतरायला आठवडा गेला. तेवढ्यात सल्ल्यांना महापूर आला. ज्याच्या डोक्यावर मोजून बोटभर केस उरलेत तो नवरा म्हणाला, "सरळ बारीक कापून टाक, मोकळी होशील." शेजारीण म्हणाली, टोप छान मिळतात हल्ली. लेकीनं फोन नाकासमोर नाचवला, "आई, आता सगळं डोकं रंगवतच नाहीत. पांढऱ्यात पांढरं मिसळून देतात. मुळं दिसायची भानगडच नाही. वर्षातून दोनदा गेलं की झालं."

आणि थोरली? थोरली काच घासून हात पुसत बाहेर आली, बहिणीच्या सुजलेल्या तोंडाकडे बघून डोळ्यांत पाणी आणलं आणि मायेनं म्हणाली, "सोडून दे ना गं आता. माझ्यासारखी राहा."

माझ्यासारखी! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मस्तक आधीच पेटलेलं होतं. "तुझ्यासारखी राहूनच पस्तीस वर्षं काढली मी!" ती ओरडली. "दुसरं काही सुचतं का तुला?"

थोरलीला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. ती मागे निघून गेली.

आठवड्यानं लेकीनं धाकटीला ओढत पार्लरमध्ये नेलं. पार्लरवाली तरुण, चटपटीत, स्वतःचे केस तीन रंगांचे. तिनं धाकटीच्या केसांत बोटं घातली, मुळं बघितली, टोकं बघितली आणि घरातलं कुणी आजारी असल्यासारखी मान हलवली.

"काकू, हे किती वर्षांचं काळं आहे?"

"काकू म्हणू नकोस. बरीच वर्षं."

"ताई, मुळात तुम्ही आता जवळजवळ पांढऱ्या आहात. खाली सगळं खोक्यातलं काळं बसलंय. रेघ दिसते ती त्यामुळे. वरून काळं थापत बसलात तर रेघ येतच राहणार. आपण उलटं करू. खालच्या काळ्यातून बारीक बारीक बटा घ्यायच्या आणि त्यांतला रंग काढायचा. फॉइल लावून, मुळांपासून लांब, कातडीला स्पर्श नाही. पांढरं आहे ते तसंच. दोन्ही एकमेकांत मिसळले की वाढलेलं कळणारच नाही. सहा महिने माझं तोंड बघू नका."

"म्हणजे मी पांढरी दिसणार."

"करडी. चांदीसारखी. मस्त दिसेल."

"काळं अजिबात नाही?"

"हवं तर मधून मधून काळ्याच्याही चार बटा सोडू. पण तुम्हाला सोसत असेल तरच. डाव्या कानामागे काळा, उजव्या कानामागे रंग काढायचं औषध. दोन्ही थेंबभर लावू आणि दोन दिवस बघू. त्याशिवाय मी ब्रश उचलत नाही."

"आज घाई आहे. नंतर येते," धाकटी म्हणाली.

घाई कसली, डोंबलाची! घरी तिनं चहा केला आणि तो गार होईस्तोवर खिडकीशी उभी राहिली. थेंब लावला आणि कान सुजला, तर काळं कायमचं गेलं. काळं गेलं की उरली कोण? दोघींपैकी जी कोण असेल ती. असल्या परीक्षेला माणूस आपण होऊन कशाला जाईल? त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. दुकानात गर्दी आहे, लेन्सचं पार्सल यायचंय, आज पाठ धरलीय. भांगातली पांढरी रेघ बोटभर रुंद झाली आणि धाकटीनं दुकानात रुमाल बांधायला सुरुवात केली. जो तो विचारायचा, डोकं दुखतंय का. हो, दुखतंय. तुम्ही विचारलंत म्हणून दुखतंय.

आणि मग एका दुपारी दोघी पडद्यामागे डबा खायला बसल्या असताना थोरली एकदम म्हणाली, "झालं तुझं काम. पास!"

"काय पास?"

थोरलीनं केस बाजूला सारले आणि डावा कान पुढे केला. मग उजवा. दोन्ही कानांमागे नाण्याएवढा फिकट डाग. ना सूज, ना लाली.

"परवा जाऊन लावून घेतलं. तू जाईनास, म्हटलं, जाऊन येऊ. पार्लरवाली आधी ऐकेना, म्हणाली, असं चालत नाही, तुमचं तुमच्यापुरतं. मी म्हटलं, अगं, आमचं रक्त एक, चष्म्याचा नंबर एक, दातसुद्धा एका दिवशी पडले. कान काय वेगळे असणार? बघ, काही झालं नाही. आता बिनघोर जा."

धाकटीच्या हातातला घास हातातच राहिला. आधी तिला हसू आलं. मग त्याचा जाळ झाला.

"तुला विचारलं होतं मी?"

"तू घाबरली होतीस."

"मी घाबरेन नाहीतर नाचेन! डोकं माझं, पापण्या माझ्या सुजल्या, आणि कान तुझा? तुझ्या कानावरून माझा रंग ठरणार?"

"अगं, चांगल्यासाठीच केलं. शाळेतली सुई आठव की. तू रडत होतीस, मी दोनदा रांगेत उभी राहिले. दोन्ही दंड सुजले होते माझे."

"आठवते!" धाकटीनं डबा असा आपटला की मशीनवरची काच हलली. "जन्मभर ती सुई ऐकवत आलीस मला. तुला दोन सुया टोचल्या, मला एकही नाही. मग गोवर कुणाला झाला?"

थोरलीनं डब्याचं झाकण लावायला घेतलं.

"बोल ना! कुणाला झाला गोवर?"

"तुला," थोरली पुटपुटली.

"मला! कारण सुई ज्याची त्यानं टोचून घ्यायची असते! तुझ्या दंडातली लस माझ्या अंगात येत नाही, हे तुला तेव्हा कळलं नाही आणि आज, या वयात, केस पिकून पांढरे झाले तरी कळत नाही! मी म्हणजे तू नाही. नाही! अजून किती वेळा सांगू? तुला, मास्तरणीला, फोटोग्राफरला, त्या पेन्शनरला—"

"पेन्शनरचं नाव काढू नकोस," थोरली म्हणाली.

हे ती इतक्या हळू म्हणाली, की धाकटीचं पुढचं वाक्य तुटलं.

"तुझं झालं ना बोलून? आता माझं ऐक. तू काळी झालीस, तुला सगळे ओळखायला लागले, फार चांगलं झालं. पण माझं काय झालं? मी तुझी आई झाले. 'तुमच्या आईंना सांगा.' 'आई आता थकल्या असतील.' 'या वयात मशीनवर बसतात, कमाल आहे.' एकाच दिवशी जन्मले मी तुझ्याबरोबर! मी इथे मागे ऐकते सगळं. पडद्याच्या फटीतून समोरचा आरसा दिसतो मला. 'आई' म्हटलं की तू नाही नाही म्हणतेस, पण तोंड असं फुलतं तुझं... मग मी मशीन चालू करते."

धाकटीचा राग तर जागच्या जागी होता, पण आता तो कुणावर काढायचा याचा पत्ता हरवला होता. हे आणखी वाईट. रागाला जागा नसली की माणूस जास्तच चिडतं.

"मग तेव्हाच बोलायचं ना!" ती खेकसली. "तोंड नाही का तुला?"

"तोंडही तुझ्यासारखंच आहे. पण चालत नाही तुझ्याएवढं."

त्याच संध्याकाळी धाकटी तडक पार्लरमध्ये गेली, खुर्चीत बसली आणि दोन्ही कान पुढे केले. "लाव. आणि यापुढे माझ्या नावानं कुणीही कान घेऊन आलं, तर हाकलून दे."

डाव्या कानानं रात्रभरही दम धरला नाही. आधी खाज, मग चटका, आणि सकाळी कान असा तट्ट फुगला होता, की चष्म्याची काडी बसेना. उजवा कान मात्र जसाच्या तसा. म्हणजे काळं गेलं. काढायचं औषध चालेल, लावायचं चालणार नाही. एवढा मोठा निकाल, आणि धाकटीला रडू यायला हवं होतं. पण दुकानात शिरल्या शिरल्या तिनं थोरलीला दंडाला धरून आरशासमोर उभं केलं, स्वतःचा फुगलेला कान तिच्या सपाट कानाशेजारी नेला आणि म्हणाली, "बघ! एकच रक्त म्हणे! बघ नीट!"

थोरलीनं बघितलं. बोट लावायला गेली, तर धाकटी कळवळली.

"खरंच की गं," थोरली म्हणाली. "हा तुझाच आहे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं हे मान्य केलं, आणि तेही एका सुजलेल्या कानाबद्दल. यावर समाधान मानायचं की कपाळ बडवायचं? धाकटीनं दोन्ही केलं आणि बर्फ मागवला.

कान उतरल्यावर ती पार्लरला गेली. सगळी दुपार मोडली. पार्लरवालीनं शेपटीच्या कंगव्यानं एकेक बट अशी निवडली, जणू धान्यातले खडे वेचतेय. औषध, फॉइल, घडी. औषध, फॉइल, घडी. आरशात बसलेली बाई छपरावरच्या अँटेनासारखी दिसायला लागली. लेक फोटो काढायला सरसावली, तर धाकटीनं नुसतं बघितलं. फोन परत पिशवीत गेला. मान अवघडली, नाकात वास गेला, ढुंगणाला रग लागली. कमी कटकटीचा म्हणून जो उपाय सांगतात, त्याची सगळी कटकट एकाच दिवशी वसूल करतात, हे कुणी आधी सांगत नाही.

शेवटी धुऊन, वाळवून पार्लरवालीनं खुर्ची फिरवली. भांगातली रेघ नव्हती. वरचं पांढरं खाली कुठे राखाडी होतं, कुठे फिकट तपकिरी, आणि काळं त्या सगळ्यात सावलीएवढं उरलं होतं. वाईट अजिबात नव्हतं. खरं सांगायचं तर छान होतं. पण धाकटीनं डोळे जरा बारीक केले, लांबून बघितल्यासारखं बघितलं, आणि आरशात थोरली बसलेली दिसली.

"कसं वाटतंय?" पार्लरवालीनं विचारलं.

"सहा महिने यायला नको ना?"

"वाढू द्यायचं असेल तर आठ गेले तरी चालतील."

आठ महिने! कागद नाहीत, ब्रश नाही, फाटका शर्ट नाही. जन्मठेपेचा कैदी अचानक सुटावा आणि फाटकाबाहेर येऊन त्याला आठवू नये की आपलं घर कुठल्या बाजूला, तशी धाकटी पार्लरच्या पायरीवर उभी राहिली. समोरून बेकरीवाला सायकलवर गेला. "काय थोरल्या ताई!" त्यानं हात केला.

धाकटीनं हात केला नाही. तो त्याला मारावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुसफुसतच दुकानात आली. आज काय काय ऐकावं लागेल याची वाटेत उजळणी झालेली, प्रत्येकाला काय सुनवायचं तेही ठरलेलं. शटर वर होतं. काउंटरमागे धाकटी उभी होती.

म्हणजे कालपर्यंतची धाकटी. काळंभोर डोकं, पुढचा काउंटर, हातात फडकं. धाकटीला क्षणभर भोवंडल्यासारखं झालं. मग तिला त्या काळ्या डोक्याखालचं कपाळ दिसलं. भुवईपर्यंत काळे ओघळ, कानाच्या पाळ्या शाईत बुडवल्यासारख्या, मानेवर पाच बोटं उमटलेली.

"तुझ्या न्हाणीघरात दोन खोकी उरली होती," थोरली घाईघाईनं म्हणाली. "फेकून कशाला द्यायची? आणि माझा कान पास आहे."

"तू... तुला..." धाकटीच्या तोंडून शब्द फुटेना, हेही पहिल्यांदाच. "आरशात बघून लावलंस, की झोपेत?"

"मागचं दिसतच नाही गं. तू कशी लावायचीस?"

"मी कशी लावायचे! वीस वर्षं मान मोडून घेतली तेव्हा कळलं! बस खाली!"

थोरली स्टुलावर बसली. धाकटीनं काच पुसायचं फडकं स्पिरिटमध्ये बुडवलं आणि बहिणीचा कान धरून खसाखसा घासायला लागली. थोरली ओय ओय करत राहिली.

"माझ्यासाठी केलंस ना हे? लोकांनी घोळ करू नये म्हणून?"

"थोडं तुझ्यासाठी."

"आणि बाकीचं?"

थोरलीनं समोरच्या आरशात बघितलं. मान जरा डावीकडे, जरा उजवीकडे. "वीस वर्षं मी तुझी आई झाले," ती म्हणाली. "आता तू हो."

धाकटीचा घासणारा हात थांबला.

"वीस दिवसांनी रेघ येईल भांगात," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा बघते तुला."

"तेव्हा तू लावून दे मागचं."

"मी हातसुद्धा लावणार नाही त्या खोक्याला. डॉक्टरांची बंदी आहे मला. मी सुटले. तू अडकलीस. भोग."

तेवढ्यात दाराची घंटी वाजली आणि पेन्शनर आत आले. कानामागून दोन बोटांनी चष्मा काढत, नेहमीसारखे. चष्मा काढला की त्यांना समोरचा माणूस आणि मागचं कपाट यांत फार फरक दिसत नाही. त्यांना एक करडा ठिपका दिसला आणि एक काळा. काळ्या ठिपक्याकडे बघून ते हसले, चष्मा करड्या ठिपक्यापुढे धरला आणि म्हणाले, "आई, आज तुम्ही पुढे? बरं झालं. तुमच्या लेकीला कितीदा सांगितलं, पण आता नाकावरही रुततोय हो."

धाकटीनं तोंड उघडलं. सकाळपासून केलेली उजळणी जिभेच्या टोकावर होती. पण डोळा आरशाकडे गेला. आरशात थोरलीचं तोंड फुललं होतं. कपाळावर शाईचे ओघळ, एक कान लाल, एक काळा, आणि हे एवढं मोठं फुललेलं तोंड. असं दिसतं होय ते? वीस वर्षं आपण हे असं तोंड घेऊन बसत होतो, आणि ही पडद्यामागून बघत होती?

धाकटीनं उजळणी गिळली. चष्मा हातात घेतला, उजेडात धरला, आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "बस बाळा. नाक कुठे दुखतंय, दाखव आईला."

पेन्शनर दचकले. चष्म्याविना डोळे मिचकावत त्यांनी करड्या ठिपक्याचा नीट वेध घेतला.

"अहो, तुम्ही धाकट्या ताई!"

"कशावरून?"

"असं थोबाडीत मारल्यासारखं त्या नाही बोलत कधी." मग ते गोंधळून काळ्या ठिपक्याकडे वळले. "मग या कोण?"

थोरलीनं उत्तरासाठी बहिणीकडे बघितलं. धाकटी चष्म्याच्या नाकाजवळच्या दोन्ही गाद्या सोडवत होती. तिनं मान वर केली नाही.

"तिलाच विचारा," ती म्हणाली. "तिला तोंड आहे."